लाल चिंधीचं पान

नाथाजी सुभेदाराच्या बायकोला एक सवत होती आणि त्या सवतीला सहा शिंगं होती. हे मी पदरचं सांगत नाही. खुद्द मनुबाईनं, म्हणजे सुभेदाराच्या बायकोनं, पाणवठ्यावर चारचौघींत सांगितलं होतं, आणि पाणवठ्यावरचं बोलणं माझ्यापर्यंत यायला तेव्हाही फार वेळ लागत नसे.

"रोज दिस उगवायला माळावर पळत्यात," मनुबाई म्हणाली. "मला वाटलं, असंल कुणीतरी. एकदा गेले मागनं. बगते तर रुईच्या झुडपाम्होरं उकिडवं बसल्यात, आन् पानावरच्या अळीसंगं बोलत्यात! काळी, पांढरी, पिवळी, नुसती पट्ट्यापट्ट्याची. पाठीवर सहा शिंगं. म्हटलं, जा बाई, तूच जिंकलीस. माझ्यासंगं एवढं कवा बोलल्यालं मला तरी आठवत न्हाई."

आमचं गाव पलूसच्या अंगाला. साल चौऱ्याहत्तर. दुष्काळ सरला होता आणि माळ पुन्हा हिरवा झाला होता. नाथाजी पलटणीतून नायब सुभेदार होऊन परतला होता. गावानं परस्पर बढती देऊन त्याला पुरता सुभेदार केला. उंच, रुंद माणूस. मिशा अशा, की चहा पिताना बशीलाच वाट शोधावी लागे. आवाज तर विचारूच नका. त्यानं आपल्या बैलाला 'थांब' म्हटलं, की शेजारच्या शिवारातलेही बैल थांबत.

बाकीच्यांनी विहिरी खोल केल्या, ऊस लावला. सुभेदारानं आपलं माळाचं कुरण होतं तसं ठेवलं. लालासाहेब, आमच्या सोसायटीचे चेअरमन, त्याला दर आठवड्याला समजावत.

"नाथा, आरं गवत काय राखतुयास? ऊस लाव, ऊस."

"उसावर फुलपाखरं येत न्हाईत, लालासाहेब."

"मग काय फुलपाखरं कारखान्याला घालणार हायस?"

यावर सुभेदार नुसता हसायचा. म्हणजे मिशा हलायच्या. खालचं काही दिसायचं नाही.

आता या फुलपाखराच्या घरचं थोडं सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं लक्षात यायचं नाही. माळावर ते तुम्हीही पाहिलं असेल. रंग शेंदरी, पंखांची टोकं काळी, त्या काळ्यावर पांढरे ठिपके. त्यातली बाई रुईवर येते, पान पायांनी चाचपून बघते, पोट वळवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवते आणि चालू लागते. पुन्हा फिरून लेकराचं तोंड म्हणून बघत नाही. लेकरू तरी काय, जन्माला आल्या आल्या आधी आपला पाळणाच खाऊन टाकतं, म्हणजे अंड्याचं टरफल. मग पान. पण रुईच्या पानात चीक. तोंड लावलं की तोंडच चिकटायचं. म्हणून ही अळी आधी पानाची शीर कुरतडून ठेवते, आपण पाटाचं पाणी मातीनं अडवतो तशी, आणि पलीकडचं कोरडं पान निवांत खाते. अंगावरचं लहान झालं की सोलून टाकायचं आणि आतलं नवं मिरवायचं. तिला ना धुणं, ना शिवण.

इतका चीक पोटात गेल्यावर ती कडू होणारच. एखाद्या पाखरानं चोच मारलीच, तर थुंकतं आणि जन्मभर ध्यानात ठेवतं. म्हणून मोठेपणी हे फुलपाखरू कसं उडतं, तर सावकाश, डुलत, कुणाच्या बापाची भीती नसल्यासारखं. आमचे लालासाहेब बाजारातून असेच चालत, आणि त्यांच्याही तोंडी कुणी लागत नसे.

नराच्या मागच्या पंखावर एक ठिपका जादा असतो. हा गडी वाळलेल्या खुळखुळ्याच्या झाडावर बसून तासन् तास सोंड घासतो. सुभेदाराच्या मते तो तिथं अत्तर गोळा करतो आणि मग बाईकडं जातो. आष्ट्याच्या बाजारात कानात अत्तराचा फाया घालून फिरणारी पोरं मी बघितली आहेत. मला दोघांत फरक दिसला नाही. पण संध्याकाळी सगळे शहाण्यासारखे एका वाळक्या काटकीवर ओळीनं झोपायला येतात. पोरांचं तसं नाही.

हे सगळं सुभेदारानं डोळ्यानं पाहिलेलं. एकच गोष्ट त्यानं कधी पाहिली नव्हती. कोषातून फुलपाखरू बाहेर येताना. आणि तेवढ्यासाठी त्याचा जीव अडकला होता.

त्याचं मूळ एकाहत्तरच्या लढाईत. बाडमेरकडच्या वाळूत हे लोक खंदकात पडून होते. खंदकाच्या तोंडाशी रुईचं झुडूप, आणि त्याच्या पानाखाली एक हिरवा, गुळगुळीत कोष लोंबत होता. त्याच्या कडेनं सोन्याचे ठिपके, खरोखर सोन्याचे वाटावेत असे. सुभेदार त्याला डूल म्हणायचा. पडल्या पडल्या बघायला दुसरं काही नव्हतं. शेजारच्या जोडीदाराशी त्याची पैज लागली, आधी डूल उघडतो की आधी हुकूम येतो. डूल काळा पडला, आतून शेंदरी पंख दिसायला लागले, आणि हुकूम आला.

"लढाईत बगायचं त्ये समदं बगितलं गड्या," सुभेदार मला म्हणाला होता. "तेवढं एक राहिलं."

जोडीदाराचं पुढं काय झालं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी, मी असूनही, विचारलं नाही.

गावात आल्यावर त्यानं बांधावरच्या रुईपुढं ठाणं मांडलं. पण योग येईना. एका अळीला गांधीलमाशीनं उचलून नेलं. एका कोषातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या. कुणा आगाऊ माशीनं अळीच्या अंगातच आपलं बिऱ्हाड केलं होतं. एक कोष काळा पडला त्याच दिवशी मनुबाईची दाढ दुखायला लागली आणि तिला घेऊन मिरज गाठावी लागली. एकदा तर सकाळपासून पापणी न हलवता बसला, जरा आडोशाला जाऊन आला, तर नुसतं टरफल. वर फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं.

"कोष घरी का नाही आणत?" मी विचारलं.

"आणला हुता. हिच्या कोंबडीनं गिळला. आन् आता ही म्हणती, रुईचा चीक डोळ्यात जातुया, घरात पान आणलं तर तुमी बी भाईरच निजा."

त्या श्रावणात मात्र बांधावर एक कोष असा टपोरा धरला होता, की सुभेदार माणसांशीसुद्धा गोड बोलायला लागला. अडचण एकच होती. श्रावणातले शनिवार. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते, आणि रस्त्याकडेची सगळी रुई धुळीनं माखलेली. चांगली, धुवट पानं सुभेदाराच्या बांधावर. राहीबाई गुरवीण पहाटे येऊन तिथली पानं काढून नेई. नवरा गेल्यावर देवळाची सेवा तीच करायची, मुलगा पलटणीत होता. तिची सासूही याच बांधावरून पानं न्यायची, तेव्हा तिला नको म्हणण्याची सोय नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी सुभेदारानं पलटणीतली अक्कल चालवली. आपल्या जुन्या पटक्याची लाल चिंधी फाडली आणि कोष होता त्या डहाळीला बांधली. पलटणीत लाल चिंधी म्हणजे पुढं सुरुंग. शहाणा माणूस हात लावत नाही. आणि निर्धास्त घरी येऊन जेवला.

शनिवारी उजाडता माळावर जातो तर डहाळी नाही, कोष नाही, चिंधीसुद्धा नाही.

त्यानंतर तो गावातून पळाला ते मी स्वतः बघितलं. सुभेदार पळाला म्हणजे गाव पळणारच. आम्ही सगळे त्याच्यामागं देवळात. बघतो तर मारुतीच्या गळ्यात रुईची ताजी माळ, माळेच्या मधोमध ते पान, पानाखाली तो सोन्याच्या ठिपक्यांचा कोष पदकासारखा लोंबतोय, आणि लाल चिंधी देवाच्या मनगटात.

"राहीबाई! ह्ये काय केलंसा? चिंधी बांधली हुती की म्या!"

"तर मग!" राहीबाई खुशीत म्हणाली. "म्हणून तर मधी ओवलं. नवसाचं पान मागं ठिवून चालतंय व्हय? कुणाचा नवस हाय ते कळंना, पर म्हटलं, देवाला डूलबी वाहिलाय, मानसाची इच्छा लय मोठी असणार."

आमच्याकडं झाडाला चिंधी म्हणजे नवस. त्या डहाळीवर देवाचा पहिला हक्क. तिनं सगळ्या झुडपातून नेमकी तीच डहाळी शोधून, हात जोडून काढली होती. सुभेदार तोंड उघडून उभा राहिला. मिशांमुळे ते उशिरा कळलं.

"माळ उतरवा," तो म्हणाला.

"आवं सुभेदार, देवाला घातल्याली माळ तुमच्यापायी उतरवू? उंद्या सकाळी उतरंल. रोजच्यागत."

"तोवर उघडला तर?"

"काय उघडलं तर?"

मग त्यानं तिथंच, उंबऱ्याशी बसून, खंदकातली सगळी हकिकत तिला सांगितली. राहीबाईनं कमरेचा हात काढला. ऐकून झाल्यावर म्हणाली, "माझं पोरगं बी तिकडंच हाय, वाळूत." एवढंच. मग पदरानं उंबऱ्याजवळची जागा झाडली. "बसा हितं. देव कुटं पळून जात न्हाई, आन् डूलबी न्हाई."

पण शनिवार होता, आणि शनिवारी देवाला तेल. लोक लोटी घेऊन यायचे आणि मारुतीच्या डोक्यावर धार धरायचे. ती धार उतरणार कुठं, तर माळेवर. तेलात भिजलेल्या कोषातून काय येणार? सुभेदार उठला. देवाच्या उजव्या हाताला उभा राहिला आणि त्यानं आवाज काढला.

"एका लायनीत! तेल पायावर! डोक्यावर कुणी घालायचं न्हाई! पुढं चला!"

सांगतो ना, बैल थांबायचे. माणसं काय घेऊन बसलात! सगळं गाव निमूट पायावर तेल घालून पुढं सरकू लागलं. दर्शन इतकं झटपट कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्या सुलाबाईंनी तर खूश होऊन दुसऱ्यांदा रांग धरली.

दुपारी लालासाहेब आले. पांढरं धोतर, हातात चकचकीत लोटी.

"लालासाहेब, पायावर," सुभेदार म्हणाला.

"नाथा, मी चेअरमन हाय."

"मग लायनीत पहिलं या. पर पायावर."

"आमच्या आज्यापासनं डोक्यावर घालतुया आमी!"

राहीबाई गाभाऱ्यातून म्हणाली, "लालासाहेब, आज देव डोक्यावर तेल घेत न्हाई."

"देवानं सांगितलं व्हय तुला?"

"मग, मला न्हाई सांगणार तर काय तुमास्नी सांगंल? तुमी येतासा शनवारचं. मी रोज हाय."

लालासाहेबांनी पायावर तेल घातलं. पण कपाळाला जी आठी पडली ती तशीच घेऊन घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी तीच घेऊन परत आले.

सुभेदारानं मनुबाईनं पाठवलेली भाकरी तिथंच खाल्ली. दिवे लागले तरी जागचा हलला नाही. गावात मात्र तोवर दोन तट पडले होते. एक म्हणत होता, सुभेदार देवाला लागला. दुसरा म्हणत होता, देवाला नव्हे, राहीबाईला. मी कुठल्या तटात होतो ते विचारू नका. मी दोन्हीकडं चहा घेतला.

रविवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली अर्जुना न्हाव्याचं दुकान लागलं. दुकान म्हणजे पोतं, वाटी आणि हातातला आरसा. पहिले लालासाहेब बसले. अर्जुनानं त्यांच्या एका गालाची दाढी उतरवली, दुसऱ्याला साबण लावला, तेवढ्यात देवळातून सुभेदाराचा आवाज आला.

"राहीबाई, काळा पडला! पंख दिसत्यात आतनं! आता हलवू नगा!"

लालासाहेब साबणासकट ओरडले. "ए, कालची माळ देवाच्या अंगावर ठिवायची न्हाई! शिळं निर्माल्य ठिवून गावाला पाप लावता काय?"

खरं सांगायचं तर यावेळी लालासाहेबांचं बरोबर होतं. राहीबाईनंही मान हलवली. शिळी माळ तिनंही कधी ठेवली नसती, सुभेदारासाठी काय किंवा कलेक्टरासाठी काय. ती गाभाऱ्यात गेली. माळ दोन्ही हातांनी उचलली, तान्हं मूल उचलावं तशी, आणि बाहेर आली. सगळे तिच्याकडं बघत होते. ओढ्यात सोडावी तर पाण्यात गेली. झाडाला टांगावी तर वर कावळे. खाली ठेवावी तर पायदळी.

"माळ उतरली," ती लालासाहेबांकडं बघून म्हणाली. "आता उतरल्याली माळ परसाद म्हणून कुणाला द्यायची, त्ये गुरवानं ठरवायचं. सुभेदार, मान खाली करा."

सुभेदारानं मान खाली केली. राहीबाईनं मारुतीची माळ त्याच्या गळ्यात घातली.

त्यानं मान वर केली आणि कोषाला चीर पडली.

"सुभेदार, हलू नगा!" ही ओरडली राहीबाई.

सुभेदार देवळाच्या अंगणात सावधान उभा राहिला. श्वाससुद्धा अर्धा अर्धा घेत. सगळं गाव पुढं सरकलं. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, आमच्याही आलं, की कोष त्याच्या छातीवर, हनुवटीच्या खाली, आणि मध्ये मिशा. मान वाकवली तर माळ हलणार. आख्ख्या गावाला दिसत होतं. फक्त त्याला दिसत नव्हतं.

इतक्या मोठ्या माणसाचे डोळे असे भिरभिरताना मी कधी पाहिले नव्हते. "काय हुतंय?" तो ओठ न हलवता म्हणाला. "आरं, सांगा की कुणीतरी. काय हुतंय?"

कुणी काही सांगेना. कसं सांगणार? बघत होतो आम्ही.

मग अर्जुना उठला. लालासाहेबांचा एक गाल साबणात तसाच सोडून आरसा घेऊन आला आणि सुभेदाराच्या छातीपुढं, जरा तिरका करून धरला.

"दिसतंय का?"

"वर घे. जरा वर. हां."

आधी पाय आले. मग डोकं, मग ओलं अंग, आणि पंख म्हणजे पिळून टाकलेल्या धडप्यासारखे, एवढेसे. ते टरफलाला धरून उलटं लोंबकळलं. सोंडेचे दोन दोरे सुटे होते, ते त्यानं हळूहळू जुळवून एक केले. आणि पंख भरू लागले. आधी सुरकुत्या गेल्या, मग शेंदरी रंग उलगडला, मग काळी किनार, मग पांढरे ठिपके. आरशात ते आणि त्याच्यावर सुभेदाराचे डोळे, दोन्ही दिसत होतं. आत मारुती तसाच शेंदरी.

"अर्जुना," सुभेदार पुटपुटला, "आरसा खाली घे. मागच्या पंखाचं ठिपकं बगू दे." त्यानं बघितलं. जादा ठिपका नव्हता. "बाई हाय."

"असणारच," गर्दीतून मनुबाई म्हणाली. ती केव्हा आली कुणाला कळलं नव्हतं. "गळ्यात पडली न्हवं!"

सगळे हसले, पण हळू. राहीबाई म्हणाली, "हसवू नगा त्यास्नी, हलत्याल."

लालासाहेब तेवढे पोत्यावर होते. साबण वाळून गालाला पापुद्रे धरले तेव्हा तेही उठले, गर्दीत घुसले आणि माझ्या खांद्यावरून डोकावले. "आयला," एवढंच म्हणाले. परत गेले नाहीत.

पंख वाळले. फुलपाखरानं सुभेदाराच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक तांबूस थेंब टाकला, जन्मल्याबरोबर, लेकरू टाकतं तसा. पंख एकदा मिटले, एकदा उघडले. मग उडालं. सावकाश, डुलत, लिंबावरून माळाकडं.

सुभेदार तरी सावधानच. अर्जुनानं आरसा खाली घेतला, तेव्हा भानावर आला.

"झालं," तो म्हणाला. मग मिशा पुसल्या. डोळ्यांपर्यंत पुसल्या.

'राहीबाईनं सुभेदाराला माळ घातली' ही बातमी दुसऱ्याच दिवशी पलूसच्या बाजारात पोचली. कुणी पोचवली ते सोडा. तिसऱ्या दिवशी ती मनुबाईकडं परत आली, तेव्हा ती म्हणाली, "घातली तर घातली. राहीबाईला शिंगं तरी न्हाईत."

त्यानंतर राहीबाई पानं काढायला गेली की आधी पान उलटून बघायची. कोष असला तर ते पान सोडायची, आणि तिथं स्वतःच्या लुगड्याच्या काठाची लाल चिंधी बांधायची. सुभेदारही दर शनिवारी देवळात यायला लागला. तेल पायावरच घालायचा, आणि मागचा माणूस डोक्यावर घालायला लागला, की सवयीनं "पायावर!" असं ओरडायचा.

तो सदरा मनुबाईनं दगडावर आपटला, रिठ्यात भिजवला, सोड्यात उकळला. डाग गेला नाही. म्हणजे ती म्हणते, गेला नाही. मला वाटतं, धुतानाच तो सदरा सुभेदारानं उचलून नेला असावा. अठ्ठ्याहत्तर साली आम्ही सगळे मिरजेला एका लग्नाला गेलो, तर गडी त्याच सदऱ्यात. पंगतीत वाढणारी एक मुलगी वाकून म्हणाली, "काका, सदऱ्यावर आमटी सांडली वाटतं?"

सुभेदारानं घास खाली ठेवला. मिशा साफ केल्या. बाडमेरच्या दिशेनं बघितलं.

"आगं, तू वाढ फुडं," शेजारून मनुबाई त्या मुलीला म्हणाली. "इचारलंस तर जेवान निवंल. ह्ये खंदकापासनं सुरू करत्यात."

आणि स्वतःच त्याच्याकडं वळून, पदर सावरून बसली. "हां. सांगा आता. चिंधी कुणाची हुती म्हणं?"